बायरनचं चरित्र कुणाचं वाचावं? मूर, मार्चंड की मॅकार्थी

इंग्रज कवी लॉर्ड बायरनचं एकच चरित्र वाचायचं ठरवलं, तर माझ्या मते निवड तिघांत आहे: टॉमस मूर (१८३०-३१), लेस्ली मार्चंड (१९५७) आणि फिओना मॅकार्थी (२००२). माहितीला तिघेही कमी पडत नाहीत. बघायचं ते कोण कुणाला झुकतं माप देतो एवढंच.

त्यासाठी मी आधी जानेवारी १८१६ची पानं उघडतो. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, मुलगी एडा पाच आठवड्यांची. १५ जानेवारीला बायको ॲनाबेला तिला घेऊन लंडनहून माहेरी निघाली. वाटेतून तिनं नवऱ्याला लाडाचं पत्र लिहिलं, आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्या वडिलांकडून विभक्त होण्याची मागणी आली. बायरनचे भक्त लगेच म्हणतात, किती आतल्या गाठीची बाई! पण नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नसावं अशी तिला शंका होती, आणि तो बिथरेल असं काही लिहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चरित्रकार पत्राइतकीच ठळकपणे ही बाजूही मांडतो का, ते बघायचं.

मूर तर बायरनचा जिवलग मित्र. त्यानं पत्राचं लाडिकपण तेवढं सांगितलं. त्यावर ॲनाबेलानं १८३० सालीच स्वतःचं निवेदन छापलं, आणि मूरनं ते आपल्या दुसऱ्या खंडाच्या परिशिष्टात घेतलं! पक्षपाती माणसाचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. त्याच्या पानांवर नावांच्या जागी फुल्याच फुल्या आहेत. पण ॲनाबेला, सावत्र बहीण ऑगस्टा, इटलीतली प्रेयसी तेरेसा ग्विचोली, सगळ्या तेव्हा हयात होत्या, हेही ध्यानात ठेवायला हवं. शिवाय बायरनच्या आठवणींचं हस्तलिखित १७ मे १८२४ रोजी प्रकाशक जॉन मरे यांच्या दिवाणखान्यात जाळलं गेलं. मूरचा विरोध टिकला नाही. जाळायला निघालेल्या मरे आणि बायरनचा मित्र हॉबहाउस यांनी ते वाचलेलंही नव्हतं.

मार्चंडचे तीन खंड म्हणजे शिस्तीचा कळस. तो पुरावे समोर ठेवतो, निकाल सहसा वाचकावर सोडतो. ऑगस्टाशी असलेल्या संबंधांसारख्या नाजूक जागीही आवाज चढवत नाही. त्याची अडचण वेगळी. बायरनच्या पुरुषांवरच्या प्रेमाबद्दल उघड लिहायला मरे घराण्याचीच मनाई होती, त्यामुळे केंब्रिजचा गायक मुलगा जॉन एडलस्टन त्याच्या पुस्तकात येतो, पण आडून. पुरुषांमधले लैंगिक संबंध हा इंग्लंडमध्ये तेव्हा गुन्हाच होता, १९६७पर्यंत.

पुढे त्याच मरे घराण्यानं मॅकार्थीला दफ्तर खुलं करून दिलं. ती एडलस्टनबद्दल स्पष्ट बोलते, आणि बायरनची खरी ओढ पुरुषांकडेच होती, असं मांडते. इथं मला खटकतं. सिद्धान्त एकदा पक्का झाला की बायकांची प्रकरणं आपोआप दुय्यम ठरतात. क्लेअर क्लेअरमाँटची वेदना मग किती मोजायची? तिची आणि बायरनची मुलगी अलेग्रा पाच वर्षांची होऊन १८२२ साली इटलीतल्या बान्याकावालोच्या मठात वारली. जत्रा आहे, भेटायला या, असं तिनं बापाला लिहिलं होतं. जत्रेतला खाऊ हवा असेल, अशी थट्टा त्यानं केली. तो गेला नाही. ही थट्टा जशीच्या तशी छापावी, वर ना मलमपट्टी ना शिव्या.

तेव्हा पहिलं वाचन मार्चंडचं. तीन खंड जड वाटले तर त्यानंच १९७० साली केलेली एकखंडी आवृत्ती घ्यावी. मॅकार्थी त्यानंतर, म्हणजे तिच्याशी भांडता येतं. मूर पत्रांसाठी, कारण बायरनचा आवाज ऐकायला तो अजूनही चांगला, आणि स्वामित्वहक्क संपल्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळतो. ॲनाबेला आणि एडाच्या बाजूनं सगळं बघायचं असेल, तर मिरांडा सीमोरचं २०१८चं पुस्तक वेगळं मागवा.