ओल्या लाकडापासून पहिले धनुष्य: ठाण्यातील एका कार्यशाळेचा अनुभव

वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात लाकडी धनुष्य घडवण्याची कार्यशाळा भरते. पहिला भाग गणपती उठल्यानंतर आणि दुसरा दिवाळीनंतर, अशी तिची रचना आहे. शुल्क साडेसहा हजार रुपये असून त्यात लाकूड, हत्यारांचा वापर आणि शेवटी मिळणारी तयार दोरी धरलेली आहे. कार्यशाळेचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत आणि त्या आयोजकांना आधीच लेखी कळवल्या आहेत. सुकलेल्या फळीपासून एका दिवसात धनुष्य करून देणारे वर्ग मी पाहिले आहेत. येथे मात्र नुकत्याच तोडलेल्या, हाताला ओल लागेल अशा लाकडापासून सुरुवात होते आणि माझ्या मते या कार्यशाळेचे खरे मोल तेवढ्यातच आहे.

लाकूड धामणीचे असते. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी आणि बैलगाडीच्या कामासाठी ज्या चिवटपणामुळे धामण निवडली जाते, तोच गुण धनुष्यालाही लागतो. हे लाकूड मुरबाडकडील एका शेतकऱ्याच्या मालकीच्या बांधावरून येते आणि खरेदीची पावती पहिल्याच दिवशी सर्वांना दाखवली जाते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला येऊरचे जंगल हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तेथूनच एखादी फांदी आणावी असे वाटू शकते. परंतु तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथून काडीही आणता येत नाही. शहरातील झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणही धरलेला आहे, त्यामुळे तयार झालेले धनुष्य घेऊन हौसेने येऊरला जाणेही योग्य नाही. शिकवणाऱ्या मिस्त्रींनी हे सारे हत्यार हातात देण्यापूर्वी सांगितले.

मनगटापेक्षा जाड, सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचा सरळ ओंडका दोघांत मिळून एक दिला जातो आणि तो करवतीने न चिरता पाचरी ठोकून फोडला जातो. करवत तंतूंची पर्वा न करता सरळ जाते. पाचर मात्र तंतूंच्या वाटेने जाते आणि लाकडाच्या पोटात पीळ असेल तर तो तेथल्या तेथे उघडा पाडते. फोडण्याआधीच पीळ ओळखायचा असेल तर सालीवरच्या रेघा पाहाव्यात, असे मिस्त्रींनी शिकवले. त्या रेघा खोडाभोवती वळत वर गेलेल्या दिसल्या तर आतले तंतूही बहुधा तसेच वळलेले असतात. माझ्या ओंडक्याची फट मध्यावर एका बाजूला सरकू लागली, तेव्हा त्यांनी जाड राहिलेली बाजू खाली दाबून धरायला लावली आणि फट हळूहळू पुन्हा मध्यावर आणली. ओले लाकूड अशी दुरुस्ती करू देते, सुकलेले इतके ऐकत नाही.

साल काढण्याचे काम या दोन भागांतले सर्वांत सुंदर काम आहे. झाड वाढीच्या हंगामात असताना साल सहज सुटते. टोकाशी नख घालून ओढली की हातभर लांबीची ओलसर पट्टी एकसंध निघत येते आणि खाली गुळगुळीत, फिकट, किंचित बुळबुळीत लाकूड दिसते. तोच पृष्ठभाग धनुष्याची पाठ होतो, म्हणजे बाण मारणाऱ्यापासून दूर असलेली, ओढताना ताणली जाणारी बाजू. तेथे एकही तंतू कापला जाता कामा नये, कारण ताणाखालची चीर कापलेल्या तंतूपासूनच सुरू होते. त्यामुळे पाठीवर हत्यार लावण्यास सक्त मनाई आहे आणि सगळी तासणी पोटाच्या, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या बाजूने होते. काढलेल्या सालीचे धागेही चिवट असतात आणि त्यांचे दोर वळता येतात. मिस्त्रींनी त्याचा एक नमुना करून दाखवला, पण तो विषय तेथेच सोडून दिला, याची मला खंत वाटली.

त्यानंतर वाकस, दोन्ही हातांनी ओढायची सुरी आणि खरखरीत कानस यांनी ढोबळ आकार काढला जातो. दोरी अठ्ठावीस इंच मागे ओढता यावी यासाठी लांबी साधारण अडुसष्ट इंच, मध्याजवळ रुंदी सुमारे पाच सेंटिमीटर, मूठ जाड आणि टोके निमुळती. मात्र जाडी अजून भरपूर ठेवलेली. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते आणि तेही अर्धवटच घडवलेले होते. त्याचे छायाचित्र गाळ्याच्या भिंतीवर लावलेले आहे. तासल्याच्या खुणा जपून ठेवलेले ते लाकूड पाहिल्यावर आपल्या हातातील ओबडधोबड दांड्याकडे अधिक आदराने पाहावेसे वाटते.

आता सुकवणीविषयी, कारण या परीक्षणाचा मुख्य मुद्दा तोच आहे. लाकडातील पाणी सुक्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागले की लाकूड आकसू लागते, आणि बाहेरचा थर आतल्याच्या आधी आकसला तर ते तडकते. म्हणूनच दोन्ही टोकांना आणि सोललेल्या पाठीला फेव्हिकॉलचा जाड हात दिला जातो आणि दांडा सरळ फळीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून घरी नेण्यास सांगितले जाते. ढोबळ आकार दिलेला दांडा अख्ख्या ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर सुकतो, हे खरे आहे. परंतु धनुष्यासाठी लाकडात आठ ते दहा टक्के पाणी राहिलेले चांगले मानले जाते आणि ठाण्याची हवा ते सहजासहजी होऊ देत नाही. हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर असेल तर लाकूड कितीही दिवस ठेवले तरी सोळा टक्क्यांच्या आसपास थांबते. खाडीलगतच्या या शहरात पाऊस संपला तरी ऑक्टोबरमध्ये हवा लगेच कोरडी होत नाही.

कार्यशाळेने दर आठवड्याला वजन करण्यास सांगितले आणि वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार, असे समजावले. ही सूचना अर्धीच आहे. वजन थांबले याचा अर्थ लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले एवढाच होतो; ते पुरेसे कोरडे झाले असा होत नाही. मी जुन्या लाकडी पेटीत साठ वॅटचा साधा, तापणारा बल्ब लावून, हवा खेळती राहील अशी भोके पाडून दांडा शेवटचे काही आठवडे त्यात ठेवला, आणि थांबलेले वजन पुन्हा उतरले. दुसऱ्या भागाच्या वेळी आमच्या तुकडीतील बऱ्याच जणांचे दांडे अजून दमट होते. तरीही ठरलेल्या तारखेला सर्वांना एकदमच वाकवायला बसवले गेले. दमट लाकूड वाकवले की पोटाचे तंतू चेपतात आणि बाक कायमचा राहतो. एका सहभागी ताईंचे धनुष्य दोरी काढल्यावरही तीन इंच वाकलेलेच राहिले. इतक्या मेहनतीने साल सोललेल्या, तासलेल्या लाकडाचे असे व्हावे, हे पाहवत नव्हते. तारखेपेक्षा वजनाची वही पाहून माणसे बोलावली असती तर हे टळले असते.

भुजा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, समतोल करण्याचे शिक्षण मात्र उत्कृष्ट आहे. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर ठेवून, कप्पीवरून दोरी थोडी थोडी ओढत, कोणती भुजा कोठे ताठ राहते ते पाहायचे आणि तेवढ्याच ठिकाणी कानस फिरवायची. रुंदी निम्मी केली तर ताकद निम्मी होते. जाडी फक्त दहा टक्के कमी केली तर ती जवळजवळ सत्तावीस टक्क्यांनी उतरते, कारण ती जाडीच्या घनाने बदलते. हे कळल्यावर पोटावरचा प्रत्येक हात जपून पडतो. “ताई, अजून ओढू नका. आधी तीसेक वेळा हलके वाकवा, लाकडाला नवी जाडी कळू द्या, मग बघा,” असे मिस्त्री मला सांगत होते आणि प्रत्येक वेळी त्या हलक्या वाकवण्यानंतर भुजेची कमान खरोखरच बदललेली दिसत होती. ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, तीस ते पस्तीस पौंडांच्या पुढे कोणालाही नेऊ दिली जात नाही आणि बाण न लावता दोरी सोडण्यावर कडक बंदी आहे. पहिल्या धनुष्यासाठी दोन्ही नियम योग्यच आहेत. मात्र एवढ्या मोठ्या तुकडीसाठी अशी खुंटी आणि कप्पी एकच आहे, त्यामुळे दुपारचा बराच वेळ रांगेत जातो. दोरीही डेक्रॉन या कृत्रिम धाग्याची तयार दिली जाते, ती वळायला शिकवत नाहीत.

ज्यांना लवकरात लवकर नेमबाजी सुरू करायची आहे त्यांनी येथे जाऊ नये. त्यांच्यासाठी फायबरग्लासचे धनुष्य आणि प्रशिक्षक हाच मार्ग बरा. लाकूड कसे वागते हे ज्यांना हाताने समजून घ्यायचे आहे त्यांनी जरूर जावे. पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: दांडा पुरेसा सुकला नसेल तर दुसऱ्या भागाची तारीख पुढे ढकलता येईल का, आणि सुकवणीची पेटी कार्यशाळेकडून मिळेल का. मी लिहिलेल्या पत्राला उत्तर देताना आयोजकांनी पहिल्या गोष्टीस होकार दिला आहे. पेटीविषयी ते अजून ठरवत आहेत, तोवर ती घरीच करून घ्यावी.