पीसीतली लपंडाव खेळणारी घरघर आणि जळगावचं एक दुरुस्ती दुकान

गोलाणी मार्केटमधल्या या दुकानात आवाज ऐकल्याशिवाय पार्ट बदलत नाहीत, हे सगळ्यात मोलाचं. पहिला प्रश्न अहिराणीत: "आवाज कव्हय येस?" म्हणजे आवाज कधी येतो? सगळं निदान यावरच ठरतं.

सकाळी गार मशीन घरघरतं आणि दहा मिनिटांत शांत होतं, तर बहुधा पंख्याच्या स्लीव्ह बेअरिंगमधलं (दांडा ज्यात फिरतो त्या साध्या नळीतलं) तेल सुकलेलं असतं. खानदेशच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते लवकर होतं. तापल्यावर आवाज येत असेल तर प्रोसेसरवर १५-२० मिनिटं पूर्ण लोड देऊन पंखे पळवतात. मग कागदाची सुरळी कानाला लावून एकेक पंखा ऐकायचा आणि संशयित पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोट टेकवून दोन सेकंद थांबवायचा. पात्याला हात लावायचा नाही. घरघर थांबली की चोर सापडला. कधी नुसती सुटलेली वायर पात्याला घासत असते, तेव्हा एक केबल टाय पुरतो.

हार्ड डिस्क टकटक करत असेल तर आधी डेटा काढून घेतात, तपासणी नंतर. हा क्रम अगदी बरोबर. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, उघडत नाहीत, दुसरा लावून बघतात. कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. गेम खेळताना ग्राफिक्स कार्डातून येणारी बारीक शिट्टी म्हणजे कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) आवाज, बिघाड नव्हे, हेही स्पष्ट सांगतात.

खटकतं एवढंच: १२० मिमीचे बॉल बेअरिंग (छोट्या गोळ्यांवर फिरणारे) पंखे दुकानात कायम शिल्लक नसतात. स्वस्त स्लीव्हवाला घेऊ नका, ते येईपर्यंत थांबा.