आठ महिने वापरून: डायव्हिंगचा रेग्युलेटर झकास, टाय भिकार

लिहिणार नव्हतो. पण काल सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, "सर, आम्हाला 5 स्टार द्याल का?" आणि डोकं फिरलं.

संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले तेव्हा, दिवाळीत, हा स्कूबाचा रेग्युलेटर घेतला, म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र. डिन (सिलिंडरच्या तोंडात आट्यांनी बसणारा), सील्ड डायफ्राम (आत पाणी-गाळ न शिरणारा), 7 फुटी लाँग होज (तोंडापर्यंत येणारी लांब नळी). कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे ते तोंडातला माउथपीस बांधायच्या प्लास्टिक टायवरून ओळखतील.

आमचं शेत वरूडकडचं, सराव विहिरीत. पुण्याहून भरून आणलेला एक सिलिंडर, काठावर दोर धरून धाकटा भाऊ. पहिल्याच दिवशी शेजारचे काका धुऱ्यावरून ओरडले, "अबे, फवारनीचा पंप घिऊन पान्यात कायले उतरतं?" पंक्चरवाला तर स्वतःच्या कॉम्प्रेसरनं हवा भरून द्यायला तयार होता. त्या हवेत तेल असतं, आणि इथे लागतो 200 बार दाब. त्याला चहा पाजून परत पाठवला.

तिसऱ्या बुडीला 20 फुटांवर, गळ्यात अडकवलेल्या दुसऱ्या, राखीव रेग्युलेटरवर जायचा सराव म्हणून तोंडातला काढला. रेग्युलेटर हातात आला, माउथपीस दातांतच राहिला! तो आवळून धरणारा प्लास्टिकचा टाय सुटला होता. तसाच श्वास घेतला असता तर नाकातोंडात विहीर. गळ्यातला दुसरा तोंडात कोंबला आणि सावकाश वर आलो. भाऊ म्हणे, "इतक्या लवकर काहून आला?"

जुनी मोटरसायकल येईल एवढ्या पैशात घेतलेली वस्तू, आणि टाय असा की त्यानं कोथिंबिरीची जुडी बांधायची हिंमत होणार नाही. ठिबकच्या दुकानातून 100 काळ्या टायचं पाकीट आणलं. एक आवळला, हनुवटीला टोचू नये म्हणून शेपूट नेलकटरनं कापलं. पुढे चार महिने तो तसूभर हलला नाही.

मार्चमध्ये सर्व्हिसला पाठवला. उत्तर आलं, "बाहेरचा टाय लावलाय, वॉरंटी गेली." मी विचारलं, फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे सिलिंडरवर बसून दाब उतरवणाऱ्या भागाच्या, आतल्या सीटचा आणि टायचा संबंध काय? म्हणे पॉलिसी आहे. पूर्ण सर्व्हिसचे पैसे घेतले आणि परत त्यांचाच मरतुकडा टाय लावून पाठवला. पार्सल उघडल्या उघडल्या कापून फेकला.

आता खरं बोलायचं तर बाकी मशीन उत्तम. विहिरीच्या गाळातही फर्स्ट स्टेजमध्ये कण गेला नाही. लाँग होजला मात्र जानेवारीत मी मित्रांमध्ये शिव्या घातल्या होत्या. विहिरीत दोराला अशी गुंडाळायची की जणू धामणच. ते शब्द मागे घेतो. मे महिन्यात श्रीलंकेत बट्टिकलोआला गेलो. तिकडचा पूर्व किनारा नैर्ऋत्य मोसमीत शांत असतो, गोवा-कोकणात बुड्या बंद होतात तेव्हा. पण जूनमध्ये आमची पेरणी, म्हणून मे. तिथे 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी बुडवलेली एचएमएस हर्मिस ही विमानवाहू नौका आहे, साधारण 53 मीटरवर. ते ट्रायमिक्सवाल्यांचं (खोल बुडीसाठी हेलियम मिसळलेला वायू वापरणाऱ्यांचं) काम, मला अजून बरंच शिकायचंय. मी त्याच दिवशी बुडालेल्या ब्रिटिश सार्जंट या टँकरवर गेलो, साधारण 24 मीटर. आत शिरलो नाही. एका अरुंद दारासमोर थांबून पाहिलं: दोन माणसं शेजारीशेजारी निघूच शकत नाहीत. एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्याच सिलिंडरवर श्वास घेत पुढेमागे पोहतच बाहेर यायचं, आणि त्यासाठीच 7 फूट. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

हवेचं गणित घरूनच वहीत मांडून नेलं होतं. 12 लिटरचा सिलिंडर, 200 बार, म्हणजे 2400 लिटर. तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा राखीव. पाण्याच्या वर मला मिनिटाला 20 लिटर हवा लागते, 24 मीटरवर दाबामुळे ती 68. म्हणजे जायला जेमतेम 11-12 मिनिटं.

डिनवाल्यांनो, एवढं करा: 8 एमएमची अ‍ॅलन की सोबत न्या. बोटीवरच्या सिलिंडरमध्ये योकसाठी (वरून शिकंजा आवळून बसणाऱ्या रेग्युलेटरसाठी) इन्सर्ट, म्हणजे आतला जोडतुकडा, बसवलेला होता आणि तो काढायची की त्यांच्याकडे नव्हती. माझी मोटारपंपाच्या पेटीतली निघाली, तिनं वेळ मारून नेली.

रेग्युलेटरला 4 स्टार. सर्व्हिसला एकही नाही, हे फोनवरच सांगितलं. पाकिटातले 97 टाय उरले होते, त्यातले 30 काकांनी ठिबकच्या नळ्या बांधायला नेले.