युनिव्हर्सल कॅरियर घ्यायची असेल तर आधी पट्टे बघा

युनिव्हर्सल कॅरियर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ती उघड्या टपाची, बुटकी, साखळीपट्ट्यांवर पळणारी चिलखती गाडी. बरेच जण तिला सरसकट ब्रेन कॅरियर म्हणतात. दादाने आणि मी अशी एक गाडी घेतली आणि चार वर्षं खपून चालती केली. दादा फिटर, मी लेथवर काम करते. आता वर्षभर ती चालवल्यावर लिहितेय, कारण घेताना आम्ही एक मोठी चूक केली आणि ती दुसऱ्या कुणी करू नये असं मनापासून वाटतं.

आम्ही इंजिनावर भाळलो. विकणाऱ्याने कळ दाबली, फोर्डचा व्ही-८ पहिल्या झटक्यात सुरू झाला, आणि तो घुमणारा आवाज ऐकून दोघांनाही दुसरं काही दिसेना. सौदा झाला. खरं तर या गाडीत सहज मिळणारी एकच मोठी वस्तू आहे, ती म्हणजे इंजिन. फोर्डचे हे साइड-व्हॉल्व्ह व्ही-८ १९३२ ते १९५३ या काळात मोटारी आणि ट्रकसाठी लाखोंच्या संख्येने बनले. ब्लॉक, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, सगळं शोधलं की सापडतं. पट्टे, बोग्या (पट्ट्यावर टेकणाऱ्या, गाडीचा भार पेलणाऱ्या चाकांच्या जोड्या) आणि सांगाडा यांचं तसं नाही. ते गेले की गाडी गेली.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधी पट्ट्यांपाशी बसा. पट्टा लोखंडी कड्यांचा, दोन कड्यांमध्ये एक पिन. एका बाजूला दीडशेहून जास्त कड्या असतात. पिन आणि तिचं भोक दोन्ही झिजतात, थोडे थोडे, आणि ती झीज साठत जाते. घरी आणल्यावर दादाने दहा कड्या ताणून मोजल्या. चांगल्या दहा कड्यांपेक्षा त्या ७ मि.मी. लांब भरल्या. म्हणजे पूर्ण पट्ट्यात दहा सेंटिमीटरच्या वर वाढ. पट्टा ताणून धरणारं पुढचं आयडलर चाक जितकं सरकवता येईल तितकं आधीच्या मालकाने सरकवून ठेवलं होतं, म्हणून पट्टा ताठ दिसत होता. आम्ही एक पिन ठोकून काढली. दोन टोकांना मूळ जाडी, मध्ये कंबर पडलेली, आणि नखाने चाचपता येतील असे खाचे. असा लांबलेला पट्टा स्प्रॉकेटच्या, म्हणजे पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर नीट बसत नाही, दातांवर चढतो, आणि मग दातही आकड्यासारखे वाकडे झिजतात. एक खराब पट्टा चांगलं स्प्रॉकेट खाऊन टाकतो.

दुसरी पारख सांगाड्याची. १९३४ ते १९६० या काळात अशा सुमारे १,१३,००० गाड्या बनल्या. ब्रिटनशिवाय कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही. युद्ध संपल्यावर कितीतरी शेतकऱ्यांनी स्वस्तात घेतल्या आणि बुंधे ओढायला, माळ मोडायला वापरल्या. चढायला-उतरायला अडचण नको म्हणून बाजूचे पत्रे गॅसने कापून टाकले. आज विकायला येणाऱ्या गाडीवर ते पत्रे परत बसवलेले असतात, पण कशाचे? खिशात एक लहान कानस ठेवा आणि मालकाला विचारून कडेला घासून बघा. खऱ्या चिलखतावर कानस घसरते, साध्या पोलादावर कीस निघतो. आमच्या गाडीची मागची उजवी बाजू अशीच साध्या पत्र्याची निघाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, काम सुबक होतं. फक्त ती बाजू मूळची आहे असं सांगायला नको होतं.

समोरचं चिलखतसुद्धा जेमतेम १० मि.मी. असतं. हे मी मुद्दाम लिहितेय. आम्हाला या गाडीचं वेड लागलं ते प्रेमिंद्रसिंग भगत यांच्यामुळे. १९४१ साली बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलातल्या या तरुण अधिकाऱ्याने अशाच कॅरियरमध्ये बसून, फौजेच्या पुढे राहून, चार दिवसांत ५५ मैलांवरची १५ सुरुंगक्षेत्रं शोधून मोकळी करवली. दोनदा त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला, बरोबरचे जवान गेले, तरी ते पुढे गेले. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण तळाचा गंज खरवडायला मी गाडीखाली उताणी झोपले, पत्र्याला तळवा टेकवला, आणि वर दादाच्या पावलांचा दाब हाताला जाणवला, तेव्हा मी काम थांबवून तशीच पडून राहिले.

इंजिनाचंही सांगते. या व्ही-८चा जळलेला वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या वाटांमधून बाहेर पडतो. त्यामुळे पाणी लवकर तापतं, आणि जुन्या ब्लॉकमध्ये गंजाचा गाळ बसलेला असेल तर फारच लवकर. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडताना ते आवळणारे तीन स्टड तुटले. ब्लॉक साफ केला तेव्हा तारेने ओढून ओढून अर्धी बादली तांबडा गाळ निघाला, आणि एका व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे गेलेली तडा दिसली. पहिल्या झटक्यात सुरू होणारं ते इंजिन हेच. दुसरा ब्लॉक आणला. तरीही उन्हात पेट्रोलच्या नळीत वाफ धरते आणि गाडी बंद पडते. नळी इंजिनापासून लांबून फिरवल्यावर बरंच कमी झालं.

एक गोष्ट कृपा करून गांभीर्याने घ्या. अशा जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये आणि ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि अंधारात दिसणाऱ्या मीटरच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग. तबकडी उघडून खरवडू नका, आणि ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका.

आता चालवण्याबद्दल. यासाठी मी ही गाडी पुन्हा घेईन. हिला रणगाड्यासारखे दांडे नाहीत, मोटारीसारखं चाक आहे. ते थोडं फिरवलं की पुढची बोगी आडवी सरकते आणि पट्टा चक्क धनुष्यासारखा वाकतो. गाडी सावकाश वळण घेते, वेग न मोडता. आणखी फिरवलं की त्या बाजूचा ब्रेक लागतो आणि ती जागच्या जागी गर्रकन वळते. या दोहोंमधली सीमा हाताला कळायला मला दोन महिने लागले. ताशी ४८ कि.मी. पळते म्हणतात, आम्ही ३०च्या वर नेत नाही, पिनांची काळजी म्हणून.

खर्च गाडीच्या किमतीच्या अडीचपट झाला, त्यातला निम्म्याहून जास्त पट्टे आणि बोग्यांवर. डाव्या पट्ट्यातून दोन कड्या काढल्या आहेत, तिसरी पुढच्या महिन्यात काढायची. नव्या पिना मी लेथवर करून, पाणी देऊन, तेलात बुडवून ठेवल्या आहेत.