कोळ्याचं जाळं समजून केरसुणी फिरवली

पाचगावात घरावर मजला चढवला. गिलाव्याचा ठेका एका मिस्त्रीला मालासकट, ब्रासवर म्हणजे शंभर चौरस फुटांच्या हिशेबानं दिला. दरात धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, धरलेली. ट्रॉली आली आम्ही उठायच्या आत. माल करडा, पिठासारखा. विचारलं तर म्हणाला, "बारीक आहे म्हणून तर फिनिशिंग नाद खुळा येतंय."

आलं की! आणि तिथंच आम्ही गंडलो. एप्रिलचं ऊन, भिंत आदल्या दिवशी भिजवलेली नाही. गिलावा लवकर घोटता यावा म्हणून पोरं ओल्या थरावर कोरडं सिमेंट फेकायची आणि वरून रंधा मारायची. भिंत आरशासारखी. वडील इतके खूश, की चौथ्याच दिवशी सगळा हिशेब चुकता केला. त्यानंतर पाणी मारायला कोण फिरकतंय?

आठवड्यानं आई केरसुणी घेऊन कोपरे झाडत होती. जाळं काही निघेना. बघतो तर केसासारख्या चिरा, सगळ्या भिंतीभर.

मिस्त्री म्हणाला, "सिमेंट गरम असतंय, उन्हाळ्यात हेअर क्रॅक जाणारच. पुट्टीत बुजतंय." पुट्टीचे पैसे वेगळे. तेही दिले, शहाणेच आम्ही. दिवाळीपर्यंत चिरा पुट्टीतून वर आल्या.

मग मामा आले. आयुष्यभर गवंडीकाम केलेले. रुपयाच्या नाण्यानं भिंत वाजवत गेले आणि तीन ठिकाणी थांबले, तिथं पोकळ आवाज, म्हणजे गिलावा भिंतीपासून सुटलेला. उरलेली वाळू काचेच्या बरणीत अर्धी भरली, वर पाणी, चमचाभर मीठ. हलवून तीन तास ठेवली. वर साचलेला गाळ वाळूच्या ८ टक्क्यांच्या आत चालतो, आमचा त्याच्या दुपटीच्या वर. वाळू नव्हतीच ती, खडी फोडायच्या क्रशरवरची डस्ट, दगडाची भुकटी. डस्ट पाणी जास्त पिते, ते उडालं की थर आकसतो. वर फेकलेल्या सिमेंटची साल त्याहून जास्त आकसते, म्हणून ते जाळं. बीमखालची सरळ चीर मात्र वेगळी: वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर तारेची जाळी मारलेलीच नव्हती. ठेक्यात जाळीचे पैसे होते, बरं का. शिवाय सकाळी कालवलेला माल चहानंतर पुन्हा पाणी घालून वापरताना मी स्वतः पाहिलं होतं. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवायचा असतो, हे मला कुठं ठाऊक!

पोकळ भाग फोडून पुन्हा करतोय. आता वाळू आधी बरणीत. आतला गिलावा १२ मिलिमीटर, सिमेंट-वाळू एकास सहा. काँक्रीटला पकडीसाठी टाचे, सांध्यावर जाळी, वायरिंगच्या खाचा गिलाव्याआधीच. कोरडं सिमेंट भिंतीला लागलं तर काम बंद. आणि निम्मे पैसे १० दिवस पाणी मारून झाल्यावर. या अटी ऐकून दोघं मिस्त्री गेले ते परत आलेच नाहीत. तिसऱ्यानं मान डोलावली, पण पाणी तुमचं तुम्ही मारा म्हणाला. पाइप सध्या आईच्या हातात आहे, सकाळ-दुपार-संध्याकाळ.