पॅरांसाठीचं डी-एस्कलेशन प्रशिक्षण: पहिला दिवस मन लावून करा, दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारा

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका सरकारी शाळेत, स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात पॅरा (पॅराप्रोफेशनल), म्हणजे शिक्षकांची मदतनीस आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जणी मुलं मोठी झाली की या कामाकडे वळतात, म्हणून मी घेतलेल्या डी-एस्कलेशन प्रशिक्षणाबद्दल, म्हणजे चिडलेल्या मुलाला शांत करण्याच्या प्रशिक्षणाबद्दल, सविस्तर लिहितेय. प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टने दुसरी कंपनी नेमली असली तरी तपासायच्या गोष्टी याच आहेत.

पहिला दिवस फार चांगला. मूल चिडायला लागलं की आपण किती बोलतो हे दाखवणारा एक सराव होता: एकीने कागदावर वजाबाकीची गणितं सोडवायची आणि तिघींनी तिला एकाच वेळी सूचना द्यायच्या. दोन मिनिटांत डोकं भणभणतं. त्यानंतर ‘एकानेच बोलायचं, कमी शब्दांत बोलायचं आणि थांबायचं’ हा नियम पाठ करावा लागत नाही. समोर उभं न राहता थोडं तिरपं उभं राहणं, दाराची वाट न अडवणं, बाकीच्या मुलांना वर्गाबाहेर नेणं, हे सगळं प्रत्यक्ष करून घेतलं. मी ते वर्गात रोज वापरते.

दुसरा दिवस होल्ड्सचा, म्हणजे मुलाला हातांनी धरून ठेवण्याच्या पद्धतींचा, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. आमच्या राज्याचा नियम, ६०३ सीएमआर ४६, स्पष्ट सांगतो की मुलाला धरणं हा शेवटचा उपाय. कुणाला गंभीर शारीरिक इजा होण्याचा धोका अगदी समोर असेल तरच. वस्तू फोडली, ऐकलं नाही, वर्गात गोंधळ घातला, म्हणून धरायचं नाही. शिक्षा म्हणून तर नाहीच. ट्रेनरने हे नीट सांगितलं. पण त्याच नियमात कुणाला धरू नये याचीही यादी आहे: दमा, फिट्स, हृदयविकार, लठ्ठपणा, आणि त्यातच संवादाशी संबंधित अपंगत्व. ही स्लाइड त्याने भराभर पुढे सरकवली. आमच्या वर्गातली निम्मी मुलं त्या एका स्लाइडवर होती!

मॅटवरच्या सरावात धरलेली बाई त्रास झाला की स्वच्छ आवाजात ‘स्टॉप’ म्हणते आणि सगळे सोडतात. आमच्या वर्गातलं मूल टॅब्लेटवर बोट ठेवून बोलतं. त्याचे हात धरले की त्याचं बोलणंच बंद होतं. मग ‘श्वास घेता येत नाही’ हे ते कसं सांगणार? मी विचारलं. ट्रेनर म्हणाला, श्वासाकडे आणि चेहऱ्याच्या रंगाकडे लक्ष ठेवा. उत्तर चूक नाही, पण त्याचा सराव एकदाही झाला नाही. शिवाय सावळ्या मुलाचा चेहरा निळा पडलेला पटकन दिसत नाही, ओठ आणि नखं बघावी लागतात. तक्त्यावर ते नव्हतं. धरणाऱ्यांव्यतिरिक्त एक माणूस शक्य तेव्हा नुसता बघायला असावा असं नियम म्हणतो. त्या माणसाने काय बघायचं हे शिकवायला किमान एक तास द्यायला हवा होता.

स्लाइड्स दुसऱ्या राज्यांसाठीही बनवलेल्या असाव्यात. त्यात मुलाला खोलीत एकटं बंद करण्याबद्दलची माहिती होती. आमच्या प्रशिक्षणाच्या वेळी मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी शाळांत त्याला बंदीच होती. सगळ्या शाळांना लागू होणारा असा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं. त्यामुळे कंपनीने ती स्लाइड काढूनच टाकायला हवी होती. नवी मुलगी तेवढंच लक्षात ठेवून वर्गात गेली तर?

देशभरातल्या २०१७-१८ च्या सरकारी आकडेवारीत, शाळेत ज्यांना शारीरिकरीत्या धरलं गेलं त्यांतली ८० टक्के मुलं अपंगत्व असलेली होती, आणि पटावर अशी मुलं होती १३ टक्के. असं असताना होल्ड्सना जवळजवळ पूर्ण दिवस आणि मुलाला धरल्यानंतरचा रिपोर्ट लिहायला शेवटची काही मिनिटं, हे मला अजिबात पटत नाही. आधी काय चाललं होतं, चिघळू नये म्हणून काय काय करून पाहिलं, हे त्या रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. नीट लिहिलेला रिपोर्ट असेल तर पुढच्या वेळी धरायची पाळीच येऊ नये म्हणून काय बदलायचं ते कळतं.

पालकांसाठी एवढंच: तुमच्या मुलाला धरलं गेलं तर शाळेने २४ तासांत तोंडी कळवण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि शाळेच्या कामकाजाच्या तीन दिवसांत लेखी रिपोर्ट पाठवायचा असतो. प्रगतिपुस्तक वगैरे शाळा एरवी तुमच्या भाषेत देत असेल, तर हा रिपोर्टही त्याच भाषेत मिळायला हवा. आपले लोक संकोचाने मागत नाहीत. मागा.

पाचपैकी तीन तारे, तेही पहिल्या दिवसामुळे. तुम्ही जाणार असाल तर आपल्या वर्गातल्या मुलांचे आयईपी (प्रत्येक मुलासाठी बनवलेला स्वतंत्र शिक्षण आराखडा) आधी वाचून जा, आणि न बोलणाऱ्या मुलाचा सराव मॅटवर करून दाखवा असा आग्रह धरा. फीडबॅक फॉर्मवर मी तीच मागणी लिहून दिली आहे.