कॉफी सोडायची, की दुपारनंतरची तेवढी बंद करायची?

कॉफी सोडू का, असं विचारणारे आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात दोन तऱ्हेचे भेटतात. एकाला डॉक्टरांनी बीपी नाहीतर ॲसिडिटीवरून दम दिलेला असतो, दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो. दोघांपुढचे रस्ते तेच: आहे तसं चालू ठेवा, कमी करा, नाहीतर साफ बंद करून कषायावर, म्हणजे धणे-जिऱ्याच्या काढ्यावर या. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी कॉफी सोडायची गरज नाही, दुपारनंतरची सोडावी. काहींनी मात्र खरंच सोडावी, त्यांच्याबद्दल पुढे येतंच.

आधी मोजा, आणि चहाही धरा

आपल्याकडे कॉफी सोडली म्हणणारा माणूस चहा हिशेबातच धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-सूचनांत कॅफिनची, म्हणजे चहा-कॉफीतल्या तरतरी आणणाऱ्या द्रव्याची, मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. त्यांच्याच आकड्यांनुसार १५० मिलिलिटर डिकॉक्शनच्या, म्हणजे फिल्टर कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. आता घरचा दिवस बघा. सकाळी एक फिल्टर, अकराला ऑफिसात चहा, चारला उडपी हॉटेलात बाय-टू, म्हणजे दोघांत वाटलेली एक कॉफी, सातला पाहुण्यांबरोबर पुन्हा चहा. बेरीज अडीचशेच्या आसपास जाते, म्हणजे मर्यादेच्या आतच की!

मग झोप का उडते? कारण घोळ वेळेचा आहे. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. संध्याकाळी सहाला घेतलेली फिल्टर कॉफी रात्री अकराला अर्धी तुमच्या अंगात जागीच असते. झोप लागलीच तरी ती कच्ची लागते, सकाळी डोकं जड होतं, आणि मग ते हलकं करायला आणखी एक कप. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यांनी हाच हिशेब उलटा मांडावा. सकाळी घरी येऊन आठला झोपायचं असेल तर शेवटचा चहा मध्यरात्रीच्या आसपास. पहाटे चारचा गरम ग्लास कितीही हवासा वाटला, तरी दिवसाची झोप तोच खातो.

चालू ठेवण्याच्या बाजूने

कॉफीची बदनामी झाली तेवढी ती वाईट नाही. रोज दोन-चार कप पिणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह आणि यकृताचे आजार कमी आढळतात, असं मोठ्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कॉफीमुळेच ते कमी होतात, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. मधुमेहाबाबतचा फरक कॅफिन काढलेल्या कॉफीतही दिसतो, तेव्हा श्रेय कॅफिनचं नसावं. कॅन्सरची भीती असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीतून बाहेर काढलं. बोट ठेवलं ते ६५ अंशांहून गरम पेयांवर. जुलैच्या झडीत वाफाळता ग्लास घशात ओतणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबावं.

आणि साखर! त्या पाहण्यांतली कॉफी म्हणजे आपली अर्धं दूध नि दोन चमचे साखरेची कॉफी नव्हे. दिवसाला असे चार कप म्हणजे चाळीस ग्रॅमच्या घरात साखर, आणि जागतिक आरोग्य संघटना शक्यतो पंचविसाच्या आत राहा म्हणते. शुगरवाल्याने कॉफी सोडून दुधा-गुळाचं कषाय धरलं तर त्याच्या हाती काय लागणार?

सोडण्याच्या बाजूने

छातीत धडधड, हात थरथरणं, विनाकारण घाबरं होणं, जळजळ, महिनोन्महिने झोप नसणं, यांतलं काही असेल तर काही आठवडे पूर्ण बंद करून बघण्यात अर्थ आहे. गरोदरपणात २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात, कारण तेव्हा कॅफिन शरीरातून फार सावकाश जातं. बीपीवाल्यांनी ऐकीव सल्ल्यापेक्षा मशीन वापरावं. कॉफीआधी एकदा आणि नंतर अर्ध्या-पाऊण तासाने एकदा मोजा. फरक मोठा दिसला तर तो आकडा डॉक्टरांना दाखवा.

रक्त कमी असणाऱ्या बायकांनी सोडण्यापेक्षा अंतर राखावं. पोह्यांच्या बशीबरोबरच चहाचा कप ठेवायची आपली पद्धत लोहाच्या मुळावर येते. जेवणखाण आणि चहा-कॉफी यांत दोन्ही बाजूंनी तासभर जाऊ द्या. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही गोळीनंतर लगेच कॉफी घेऊ नये, अर्धा-एक तास थांबावं.

उपवासाचं वेगळंच. एकादशीला कॉफी चालते, म्हणून रिकाम्या पोटी दिवसभर तीच चालते, आणि संध्याकाळी पित्ताला दोष उपवासाचा लागतो.

सोडायचीच, तर कशी

एका दिवसात तोडू नका. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट जातात, आणि पूर्ण निवळायला नऊ दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यापेक्षा बाय-टूचा उपयोग करा. एक कप दोन ग्लासांत वाटून घ्यायची ही आपल्याकडची सवय घरीही चालते. दुसरी सोय चिकोरीची, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळीच्या पुडीची. तिचा रंग नि कडवटपणा कॉफीसारखा, पण कॅफिन शून्य. आपल्याकडच्या नियमानुसार मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. पूड घेताना दर वेळी चिकोरी थोडी वाढवत न्या, घरच्यांना कळणारही नाही.

धणे, जिरे, बडीशेप, थोडी मेथी नि मिरी भाजून केलेली कषायाची पूड बिनकॅफिनची, पोटालाही बरी. पण तिच्यापासून तरतरीची अपेक्षा ठेवू नका. गुळाचा चहा आणि ग्रीन टी ही तर सोडण्याची पळवाट, दोन्हींत कॅफिन आहेच. आणि त्या डोकेदुखीच्या दिवसांत गोळी घेणार असाल तर पट्टीवरची नावं वाचा. काही गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन घातलेलं असतं.